बॅकअप आहे हो, पण रीस्टोअर होईना

आमच्या डेटाबेस सांभाळायच्या धंद्यात फोन ठरलेला असतो. "सर, बॅकअप आहे, रोजचा आहे, पण रीस्टोअर होत नाहीये." म्हणजे बॅकअपमधला डेटा परत येत नाहीये. मी एरर काय आली ते आधी विचारतच नाही, मला फोन करायच्या आधी काय काय करून झालंय ते विचारतो. मग पलीकडे जरा शांतता. मग हळूच, "नाही म्हणजे, आमच्या भाच्याने यूट्यूबवर बघून थोडं..." झालं. आता एररच्या आधी भाच्याने काय केलं ते शोधायचं.

मी सांगली-सातारा पट्ट्यातल्या पतसंस्था, दवाखाने, एखादं कॉलेज अशांचे डेटाबेस बघतो. बहुतेक ठिकाणी एसक्यूएल सर्व्हरची फुकटवाली एक्सप्रेस एडिशन, वेबसाइटवाल्यांकडे मायएसक्यूएल नाहीतर मारियाडीबी, आणि एखाददुसऱ्या हौशी माणसाकडे पोस्टग्रेस. हे सगळे डेटाबेस चालवणारे प्रोग्राम. आणि माझं मत आता पक्कं झालंय की डिस्क मेली, लाइट गेली, व्हायरस आला ह्यात जेवढा डेटा जातो त्याहून जास्त डेटा तो परत आणायच्या धडपडीत जातो. म्हणून रीस्टोअर अडला की पहिलं काम एकच, जे आहे जसं आहे त्याची कॉपी. सर्व्हिस बंद करा, एमडीएफ (डेटाची फाइल), एलडीएफ (लॉगची), बॅक फाइल (बॅकअपची), मोडकं-तोडकं जे काही दिसेल ते सगळं दुसऱ्या डिस्कवर टाका, ती डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि मग काय प्रयोग करायचेत ते करा. ह्याला अर्धा तास जातो म्हणून कुणी करत नाही. मॅनेजर डोक्यावर उभे असतात ना, "झालं का, झालं का".

हे फक्त आपल्याकडच्या छोट्या ऑफिसात होतं असं नाही. गिटलॅब ह्या प्रोग्रामर लोकांचा कोड ठेवणाऱ्या साइटचा २०१७ चा किस्सा ह्या लाइनीतल्या सगळ्यांना माहीत असेल, पण तो लोक अर्धाच सांगतात. ३१ जानेवारीची रात्र, त्यांचा पोस्टग्रेसचा दुसरा सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडला होता, रेप्लिकेशन (मुख्यवरचा डेटा दुसऱ्यावर सतत उतरवणं) काही केल्या जुळेना, म्हणून इंजिनिअरने दुसऱ्या सर्व्हरवरचं डेटा फोल्डर उडवून नव्याने कॉपी घ्यायचं ठरवलं आणि कमांड चालवली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदात लक्षात आलं, थांबवलं, तोवर साधारण ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. इथपर्यंत सगळे सांगतात. पण बघा, मुळात डेटा गेलेलाच नव्हता! एक कॉपी मागे पडली होती, बस. जे गेलं ते दुरुस्तीत गेलं.

आणि मग बॅकअप शोधायला गेले तर त्यातली मजा अजून वेगळी. रोजचा पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप फाइलीत काढणारं टूल, त्या फाइलीला डंप म्हणतात) चालायचा खरा, पण तो चालायचा ९.२ व्हर्जनच्या टूलने आणि डेटाबेस होता ९.६, आणि पीजी-डंप स्वतःहून नव्या सर्व्हरचा डंप घेतच नाही, व्हर्जन जुळत नाही म्हणून बाहेर पडतो. म्हणजे क्लाउडवरची बॅकअपची जागा रिकामी. बरं, फेल झाल्याची मेल जायची, पण त्या मेलवर डीमार्कची (मेल खरी त्यांचीच आहे हे पटवणारी) सही नसल्यामुळे समोरचा मेलसर्व्हर ती परत लावायचा, त्यामुळे कुणाला काही कळलंच नाही. वाचले ते एका स्नॅपशॉटमुळे (डेटाची त्या क्षणाची कॉपी), जो सहा तास आधी कुणीतरी टेस्टिंगच्या दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतला होता. तो परत कॉपी करायला १८ तास लागले कारण टेस्टिंगच्या मशीनच्या डिस्क स्लो, आणि मधल्या सहा तासांतले साधारण ५,००० प्रोजेक्ट, तेवढ्याच कमेंट आणि ७०० च्या आसपास नवीन अकाउंट गेली ती गेलीच. हे सगळं त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सविस्तर लिहूनही टाकलं, त्याबद्दल मला त्यांचा आदरच आहे. आपल्याकडे "तांत्रिक अडचणीमुळे" एवढे दोन शब्द मिळाले तरी पुष्कळ.

आता आपल्या गावाकडचा किस्सा, नाव-गाव सांगत नाही. एक पतसंस्था, सर्व्हर बसला, नवीन मशीन आलं, एक्स्टर्नल डिस्कवर बॅक फाइल होती. सॉफ्टवेअरवाल्यांच्या पोराने येऊन रीस्टोअर केला, एकही एरर नाही, सगळे खूश. मग मॅडमनी रोजकीर्द उघडली तर शेवटची एन्ट्री तीन वर्षांपूर्वीची. आता घ्या. ह्यावर निष्कर्ष काय निघाला, तर बॅकअप तीन वर्षं झालाच नाही, डेटा गेला. चेअरमनना फोन, संचालकांना फोन, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा स्टाफ छापील रोजकीर्दी काढून त्या जुन्या डेटावर एन्ट्र्या मारत बसला, आणि काउंटर चालूच असल्यामुळे पिग्मी एजंट आले, कर्जाचे हप्ते आले, त्यांच्या पावत्याही त्याच्यातनंच फाटायला लागल्या.

मला बोलावलं तेव्हा मी आधी फाइलची साइज बघितली. डेटाबेस जेमतेम काही शे एमबीचा आणि बॅक फाइल भली मोठी, शेकडो जीबीची. एवढ्यावरच कळायला हवं होतं. एसक्यूएल सर्व्हरमधे तुम्ही रोज त्याच नावाच्या फाइलमधे बॅकअप घेतला आणि 'विथ इनिट' लिहिलं नाही, तर तो जुना बॅकअप पुसत नाही, त्याच फाइलच्या शेवटी नवीन जोडत जातो. आणि रीस्टोअर करताना कितवा हवा ते सांगितलं नाही तर तो पहिला उचलतो. पहिला, म्हणजे सगळ्यात जुना! 'रीस्टोअर हेडरओन्ली' चालवलं, समोर भलीमोठी यादी आली, प्रत्येक ओळीला तारीख आणि पोझिशन नावाच्या कॉलममधे नंबर, शेवटच्या ओळीची तारीख सर्व्हर बसला त्याच्या आदल्या संध्याकाळची. तो नंबर 'फाइल =' च्या पुढे टाकला आणि सगळा डेटा आला. तीन वर्षं बॅकअप अगदी इमानदारीत चालला होता.

पण त्रास त्यानंतर सुरू झाला. मधल्या दिवसांत फाटलेल्या पावत्या खऱ्या होत्या, पैसे खरे होते, आणि सॉफ्टवेअरला वाटत होतं आपण तीन वर्षांपूर्वी आहोत, त्यामुळे पावतीचे नंबर तिथून पुढे सुरू झालेले. म्हणजे एकाच नंबरच्या दोन पावत्या दोन वेगळ्या खातेदारांकडे. ते निस्तरायला रीस्टोअरच्या कितीतरी पट वेळ गेला, ऑडिटरसाहेबांना समजावून सांगायचं ते वेगळंच (त्यांचा चेहरा मला अजून आठवतो). काउंटर तेवढे दिवस हाताने पावती-पुस्तकावर चालवला असता तर ह्यातलं काहीही झालं नसतं.

बाकी एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या एररी पटपट सांगतो, कारण त्या दिसायला भयंकर असतात पण बहुतेक किरकोळ असतात. ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड, ही आली की बॅक फाइल खराब आहे असं समजू नका. फाइल तुमच्या डेस्कटॉपवर नाहीतर डाउनलोड्समधे आहे आणि एसक्यूएलची सर्व्हिस वेगळ्या युजरने चालते, त्या बिचारीला तुमच्या डेस्कटॉपवर यायची परवानगीच नाही. फाइल एसक्यूएलच्या स्वतःच्या बॅकअप फोल्डरमधे नेऊन ठेवा, विषय संपला. तसंच नेटवर्क ड्राइव्हचं, तुम्हाला झेड ड्राइव्ह दिसतो म्हणून सर्व्हिसला दिसेलच असं नाही, पूर्ण नेटवर्क पाथ द्या. ३१६९ म्हणजे बॅकअप नव्या व्हर्जनवर घेतलाय आणि तुम्ही जुन्यावर टाकताय, ह्याला काहीही उपाय नाही, २०१९ चा बॅकअप २०१७ वर जाणार नाही म्हणजे नाही, नवीन व्हर्जन टाका आणि मोकळे व्हा. उलटं सहसा चालतं, जुन्याचा नव्यावर जातो. १८२७ आली तर एक्सप्रेसची मर्यादा ओलांडली, २००८ आर२ ते २०२२ ह्या व्हर्जनना ती १० जीबी आहे. डेटाबेसच्या नावापुढे 'रीस्टोअरिंग' असं लिहून तासन् तास तसंच बसलं असेल तर बहुधा कुणीतरी 'नोरिकव्हरी' (म्हणजे अजून बॅकअप लावायचेत, थांब) लावून पुढचं सोडून दिलंय, पण लगेच 'विथ रिकव्हरी' मारू नका, आधी विचारा की लॉग बॅकअप (मुख्य बॅकअपनंतरच्या बदलांचे) लावायचे राहिलेत का. एकदा रिकव्हरी केलं की त्याच्यावर पुढचे लॉग लागत नाहीत, परत पहिल्यापासून.

जीवघेण्या आहेत त्या वेगळ्या. ३१५४ आली, म्हणजे बॅकअप एका डेटाबेसचा आणि तुम्ही तो दुसऱ्याच चालू डेटाबेसवर टाकताय, तर नेटवर पहिलंच उत्तर मिळतं 'विथ रिप्लेस' लावा. लावलं की होतं पण! कारण ते समोरचा चालू डेटाबेस पुसून त्या जागी हा बसवतं. सर्व्हर तुम्हाला थांबवत होता, तुम्ही त्यालाच गप्प केलंत. नवीन नावाने रीस्टोअर करा, 'विथ मूव्ह' लावून फाइली वेगळ्या जागी टाका, जुन्याला हात लावू नका. आणि मॅनेजमेंट स्टुडिओच्या (एसक्यूएल सर्व्हर हाताळायच्या टूलच्या) खिडकीतनं नवीन नावाने करत असाल तर ऑप्शन्सच्या पानावर जाऊन टेल-लॉग बॅकअपची (अजून बॅकअप न झालेल्या शेवटच्या बदलांची) टिक बघा. फुल रिकव्हरी मॉडेल (प्रत्येक बदलाचा लॉग राखणारी सेटिंग) असेल तर ती बऱ्याचदा आधीच मारलेली असते, आणि तिच्याखालची टिक मूळ चालू डेटाबेसला रीस्टोअरिंगमधे नेऊन ठेवते. म्हणजे तुम्ही नुसती टेस्टिंगला कॉपी काढायला गेलात आणि तिकडे काउंटर बंद! हे डिझाइन कुणी केलं त्याला एकदा महिनाअखेरीला पतसंस्थेत आणून बसवायला पाहिजे. राहता राहिलं मोडक्या डेटाबेसच्या दुरुस्तीचं 'रिपेअर अलाउ डेटा लॉस', त्याच्या नावातच लिहिलंय तो काय करणार ते, तरी लोक पहिल्या झटक्यात चालवतात आणि मग विचारतात एन्ट्र्या कमी कशा झाल्या.

मायएसक्यूएलकडे आलं की आपल्या मराठी डेटाचं खास दुखणं सुरू होतं, आणि ह्यावर मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही म्हणून इथे जरा सविस्तर. रीस्टोअर झाल्यावर सभासदांची नावं बिघडलेली दिसतात, पण बिघाड दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे सगळीकडे प्रश्नचिन्हं. दुसरा म्हणजे कचरा, ज्यात दर अक्षराला डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यापुढे चार पाय फुटलेला गोल नाहीतर जपानी येनचं चिन्ह, आणि मग अजून काहीतरी. कचरा बघून लोक घाबरतात आणि प्रश्नचिन्हं बघून म्हणतात फॉन्टचा प्रॉब्लेम असेल. खरं म्हणजे बरोबर उलटं आहे. कचरा दिसला तर डेटा जिवंत आहे, प्रश्नचिन्हं असतील तर त्या कॉपीतला डेटा गेला.

का ते बघा. यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाइटमधे साठवायची आजची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइटची. 'म' म्हणजे ई०, ए४, एई. हे तीन बाइट कुणी लॅटिन-१ (रोमन अक्षरांची जुनी, एका बाइटची पद्धत) समजून वाचले तर ई० चा होतो रेघवाला ए, ए४ चा तो चार पायांचा गोल, आणि एई चा चक्क रजिस्टर्ड ट्रेडमार्कचा गोलातला आर. दीर्घ ईकाराची मात्रा घेतली तर शेवटी युरोचं चिन्ह येतं. म्हणजे 'मी' लिहिलं की त्यात ट्रेडमार्क पण आणि युरो पण! पण तिन्ही बाइट शाबूत आहेत, फक्त वाचणारा चुकतोय, किंवा चुकून परत एकदा यूटीएफ-८ करून साठवलेत. हे ओळखायला बाइट जसेच्या तसे दाखवणारं 'हेक्स' फंक्शन लावून एक नाव बघा. ई० ए४ ने सुरुवात असेल तर साठवण बरोबर आहे आणि तुमच्या कनेक्शनचं कॅरेक्टर सेट चुकलंय. सी३ ए० सी२ ए४ दिसलं तर दोनदा एन्कोड झालंय, उलट फिरवता येतं, आधी लॅटिन-१ मधे कन्व्हर्ट, मग बायनरी, मग यूटीएफ-८-एमबी-४ (मायएसक्यूएलचं पूर्ण यूटीएफ-८). आणि ओळीने ३एफ, ३एफ, ३एफ दिसलं तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हं आहेत, तिथे खोदून काही मिळणार नाही, मूळ डंप फाइल शोधायला लागा.

ही उलटी फिरवाफिरवी मायएसक्यूएलच्या आतच करा असं मी कळवळून सांगतो. एका ठिकाणी एका हुशार पोराने तेच काम पायथॉनमधे केलं. पायथॉनच्या विंडोज-१२५२ मधे (मायएसक्यूएल ज्याला लॅटिन-१ म्हणतं ते जवळपास हेच) पाच बाइट रिकामे आहेत, त्यांना अक्षरच नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. मायएसक्यूएलचं लॅटिन-१ ते बाइट निमूट सांभाळून ठेवतं, पायथॉन एरर देतं. एरर यायला लागली म्हणून पोराने 'इग्नोर' (न जमणारं सोडून दे) लावलं, स्क्रिप्ट सुरळीत चालली, मराठी दिसायला लागलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता ते पाच बाइट आपल्याकडे कुठे येतात? ऱ्हस्व उकाराच्या मात्रेत ८१. हलन्तात ८डी. ए मधे ८एफ, ऐ मधे ९०, झ मधे ९डी. त्यामुळे 'कुलकर्णी'चे 'कलकरणी' झाले, सुरेशचा सरेश, आणि झेंडे आडनावाच्या लोकांचा झ च गेला. पाटील, जाधव, काळे ही नावं मात्र शंभर टक्के बरोबर, त्यामुळे वरवर बघताना कुणाच्या लक्षात आलं नाही. नशीब, जुनं टेबल ड्रॉप केलं नव्हतं.

मुळात डंप घेतानाच डिफॉल्ट कॅरेक्टर सेट यूटीएफ-८-एमबी-४ द्या, आणि विंडोजवर पॉवरशेलमधे बाण वापरून डंप फाइलीत ढकलू नका. जुनं पॉवरशेल मधेच तो मजकूर स्वतःच्या समजुतीप्रमाणे वाचतं आणि यूटीएफ-१६ करून लिहितं, मग रीस्टोअर करताना अशी एरर येते की फाइलमधे शून्य बाइट सापडला. 'रिझल्ट-फाइल' नावाचा ऑप्शन त्याच्यासाठीच आहे.

अजून एक गंमत म्हणजे पहिल्याच ओळीला येणारी एरर. पहिल्या ओळीलाच आपटलं की माणूस म्हणतो फाइलच करप्ट आहे, आणि डिलीट करून दुसरी शोधतो. २०२४ च्या मे महिन्यापासूनच्या मारियाडीबीच्या डंपमधे सगळ्यात वर सँडबॉक्स मोडची एक ओळ असते, जुन्या क्लायंटला (डंप डेटाबेसमधे भरणाऱ्या प्रोग्रामला) ती कळत नाही आणि तो तिथेच थांबतो. ऑगस्ट २०२५ च्या अपडेटपासून पोस्टग्रेसच्या साध्या डंपमधेही 'रिस्ट्रिक्ट' नावाची ओळ यायला लागली, पोस्टग्रेसचा जुना क्लायंट, पी-एसक्यूएल, म्हणतो ही कमांड मला माहीत नाही. दोन्ही गोष्टी सुरक्षेसाठी घातल्यात, डंपमधनं कुणी भलतीच कमांड घुसवू नये म्हणून. फाइल ठणठणीत असते. क्लायंट अपडेट करा, मारियाडीबीला वाटलं तर कॉपी करून त्यातली पहिली ओळ गाळा. कॉपीमधली हां, मूळ फाइलमधली नाही. मायएसक्यूएल ८ चा डंप जुन्या ५.७ वर टाकताना 'अननोन कोलेशन' म्हणून १२७३ येते ती पण ह्याच जातीची, ०९००-एआय-सीआय वालं कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचा नियम) नाव बदलून युनिकोड-सीआय केलं की चालतं.

फाइल खरंच अर्धवट आहे का ते बघायचं असेल तर शेपटी बघा. मायएसक्यूएलच्या डंपच्या शेवटी 'डंप कम्प्लीटेड' आणि तारीख असते, पोस्टग्रेसच्या साध्या डंपच्या शेवटीही 'डेटाबेस डंप कम्प्लीट' असतं. ती ओळ नसेल तर डंप मधेच तुटलाय. आणि जीझिप फाइल बरोब्बर २० बाइटची असेल तर उघडूच नका, ती रिकाम्याची झिप आहे. डंप फेल झाला, पाइपच्या (एका कमांडचा मजकूर पुढच्या कमांडला देणाऱ्या नळीच्या) पुढे जीझिपने काहीच न मिळालेलं व्यवस्थित दाबून ठेवलं, आणि शेलने शेवटच्या कमांडचा निकाल बघून "यशस्वी" म्हणून लिहिलं. स्क्रिप्टच्या वर 'पाइपफेल' सेट केलं असतं तर कळलं असतं. एवढ्या एका गोष्टीमुळे वर्षभराचे २०-२० बाइटचे बॅकअप तारखेप्रमाणे नीट रचून ठेवलेले मी बघितलेत.

पोस्टग्रेसचं एकच सांगतो, पी-एसक्यूएल एरर आली तरी थांबत नाही, पुढे पळत राहतं, त्यामुळे शेवटी प्रॉम्प्ट आला म्हणजे सगळं आलं असं नाही. 'ऑन एरर स्टॉप' लावा. आणि युजर-रोल डेटाबेसच्या डंपमधे येत नाहीत, ते पीजी-डंपऑलने वेगळे घ्यावे लागतात, नाहीतर रीस्टोअरला "रोल अस्तित्वात नाही" ची माळ लागते.

रीस्टोअर झाला असं मी कधी म्हणतो विचाराल तर नुसत्या रो मोजून नाही. एसक्यूएल सर्व्हरला 'व्हेरिफायओन्ली' पास झालं म्हणूनही नाही, ते फाइल वाचता येते एवढंच सांगतं, आतल्या डेटाची रचना ते तपासत नाही. वेगळ्या मशीनवर रीस्टोअर करायचा, ती रचना तपासणारं 'डीबीसीसी चेकडीबी' चालवायचं, आणि मग अकाउंटंटला बोलावून बॅकअपच्या तारखेची तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) काढायला लावायची आणि त्या दिवशीच्या छापील, सही केलेल्या तेरजेशी जुळवायची. पैशापैशाला जुळली तर झाला. अकाउंटंट लोक वैतागतात, म्हणतात हे तुमचं कॉम्प्युटरचं काम आमच्या गळ्यात कशाला. पण छापील तेरजेची फाइल त्यांच्याच कपाटात असते, त्यामुळे त्यांना उठावंच लागतं.